आकाशाची रोजकीर्द

सरकारी कचेरीत ज्याला ‘निरंक’ म्हणतात, त्याला आम्ही बँकेत ‘निल स्टेटमेंट’ म्हणत असू. महिनाभरात अमुक प्रकारचा एकही व्यवहार झाला नाही, तरी तसा कागद भरून, सही-शिक्का करून वरच्या कार्यालयात धाडायचाच. नव्याने लागलेल्या पोरांना याचे हसू येई. जे घडलेच नाही ते कळवायचे कशाला? पण कधीतरी तपासणी निघे, जुने रजिस्टर उघडले जाई, एका तारखेसमोरची जागा कोरी सापडे आणि तपासनीस चष्म्यावरून बघत विचारी, ‘या दिवशी व्यवहार झाला नाही, की झालेला लिहायचा राहिला?’ या प्रश्नाचे उत्तर कोऱ्या जागेकडे नसते, निरंक या शब्दाकडे असते. कोरे म्हणजे कुणी पाहिले की नाही, ते कळायला मार्ग नाही. निरंक म्हणजे पाहिले, आणि नव्हते.

निवृत्तीनंतर हा फरक विसरून जायला हरकत नव्हती. पण आकाश बघणाऱ्या माणसांविषयी वाचू लागलो आणि तो पुन्हा समोर आला. गेल्या शतकात आकाशात घडलेल्या सर्वांत गाजलेल्या घटनेचा हिशेब ज्या मोजक्या नोंदींवर उभा आहे, त्यांतली एक नोंद चक्क निरंक आहे.

ही घटना म्हणजे १९८७ सालचा अतिनवतारा. ‘सुपरनोव्हा’साठी मराठीने घडवलेला हा शब्द थोडा फसवा आहे, कारण यात नवा तारा जन्मत नाही, जुना मरतो. सूर्याच्या निदान आठपट वस्तुमानाचा तारा आयुष्यभर आपल्या गाभ्यात इंधन जाळत राहतो. हायड्रोजनचा हेलियम, हेलियमचा कार्बन, असे करत करत शेवटी गाभ्यात लोखंड साचते. लोखंडापासून आणखी ऊर्जा काढता येत नाही. वरच्या थरांचे ओझे पेलणारा दाब अपुरा पडला की गाभा सेकंदाच्या आत कोसळतो. या कोसळण्यातली बहुतेक सगळी ऊर्जा न्यूट्रिनो नावाच्या कणांवाटे निघून जाते. हे कण इतके अलिप्त असतात, की ताऱ्याच्या पोटातून जवळजवळ विनाअडथळा बाहेर पडतात. प्रकाशाला मात्र थांबावे लागते. गाभ्यापाशी निघालेली धक्कालहर ताऱ्याच्या पृष्ठभागाशी पोचते, तेव्हाच बाहेरच्या जगाला उजेड दिसतो.

सोमवार, २३ फेब्रुवारी १९८७. आपल्या घड्याळात दुपारचे एक वाजून पाच मिनिटे. त्या वेळी मी शाखेच्या काउंटरवर बसलेला असणार, आणि १ लाख ६८ हजार वर्षांचा प्रवास करून आलेले असंख्य न्यूट्रिनो माझ्यातून, समोरच्या खातेदारातून आणि तिजोरीच्या पोलादी दारातून आरपार निघून गेले असणार. कुणाला काही कळले नाही. जपानमधील कामिओकाच्या खाणीतली पाण्याची टाकी, अमेरिकेत ओहायोतल्या मिठाच्या खाणीतली दुसरी टाकी आणि कॉकेशस पर्वतातले बाक्सान येथील उपकरण, या तिघांनी मिळून त्यांतले सुमारे पंचवीस कण टिपले. तेही त्या क्षणी कुणी पाहिले नाहीत. आकाशात तारा दिसल्याची बातमी पसरल्यावर जुन्या टेप तपासल्या गेल्या, तेव्हा ते सापडले.

त्यानंतर पावणेदोन तासांनी, न्यूझीलंडच्या रात्री, अल्बर्ट जोन्स नावाचे एक हौशी निरीक्षक आकाशाचा नेमका तोच भाग पाहत होते. हा भाग म्हणजे मोठा मॅगेलनी मेघ, आपल्या आकाशगंगेच्या शेजारची एक लहान दीर्घिका. दक्षिण गोलार्धातून ती छान दिसते. महाराष्ट्रातून ती क्षितिजाला जवळजवळ टेकलेलीच. साडेसातव्या प्रतीचा एखादा नवा तारा तिथे असता, तर जोन्स यांच्या नजरेतून सुटला नसता. तसे काही त्यांना दिसले नाही, आणि ‘दिसले नाही’ हे नोंदीत राहिले. पुढे सव्वा तासाने ऑस्ट्रेलियात रॉबर्ट मॅकनॉट यांनी त्याच भागाचा फोटो घेतला. त्यात सहाव्या प्रतीचा एक नवा ठिपका होता, पण तो फोटो लगेच कुणी तपासला नाही. दुसऱ्या रात्री चिलीतील लास कॅम्पानास वेधशाळेत इयन शेल्टन यांनी आपली काच धुतली, तिच्यावर एक भलताच मोठा तारा पाहिला आणि बाहेर अंगणात येऊन नुसत्या डोळ्यांनी त्याची खात्री केली. त्याच वेधशाळेतले ऑस्कर डुहाल्डे यांनी तो आधीच साध्या डोळ्यांनी पाहिला होता. आणि त्याच रात्री न्यूझीलंडमध्ये जोन्स यांनाही तो स्वतंत्रपणे सापडला.

शोधाचा मान कुणाचा, हा प्रश्न वेगळा. मला महत्त्वाची वाटते ती आदल्या रात्रीची निरंक नोंद. न्यूट्रिनो आले एक वाजून पाच मिनिटांनी. तीनला दहा मिनिटे कमी असताना उजेड नव्हता. चार वाजून आठ मिनिटांनी होता. म्हणजे धक्कालहरीला पृष्ठभाग गाठायला दोन-तीन तास लागले. तारा अवाढव्य पसरलेला तांबडा महाराक्षसी असता, तर हाच प्रवास बराच लांबला असता. जुन्या फोटोंत त्या जागी जो तारा होता तो निळा होता, आकाराने आटोपशीर. निळा महाराक्षसी तारा असा फुटेल, अशी तोवर फारशी कुणाची अपेक्षा नव्हती. घड्याळाचा हिशेब आणि जुना फोटो एकमेकांशी जुळले. या जुळणीत एका पारड्यात खाणीतली प्रचंड उपकरणे होती, आणि दुसऱ्या पारड्यात एका हौशी माणसाचे ‘दिसले नाही’.

जोन्स यांनी आयुष्यभरात बदलत्या ताऱ्यांच्या ५ लाखांहून अधिक नोंदी केल्या. १९४६ मध्ये त्यांना एक धूमकेतू सापडला आणि २०००मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, दुसरा. दोन्ही वेळा ते एखाद्या नेहमीच्या ताऱ्याकडे निघाले होते. धूमकेतू वाटेत भेटला. २०१३मध्ये, ९३व्या वर्षी ते गेले.

ही नोंद करायची कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. ताऱ्याची तेजस्विता ‘प्रत’ या मापाने मोजतात. शाळेतल्या नंबरासारखेच हे माप : आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पटींचा फरक. निरीक्षक ज्या ताऱ्याची नोंद करायची त्याच्या आसपासचे दोन तारे निवडतो, ज्यांची प्रत ठाऊक आहे. एक थोडा तेजस्वी, एक थोडा मंद. मग आपला तारा या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते डोळ्याने ठरवतो. भाजीवालीने हातात वांगी तोलून वजन सांगावे, तसेच हे. सरावाने दशांश प्रतीपर्यंतचा अंदाज येतो.

धूमकेतूचे काम अधिक अवघड, कारण तो ठिपका नसतो, पसरलेला धुरकट गोळा असतो. त्याची तुलना टोकदार ताऱ्याशी करायची कशी? त्यावर एक साधी युक्ती आहे. दुर्बिणीची नाभी बिघडवायची, म्हणजे ताराही पसरून धूमकेतूएवढा गोळा होतो. आता गोळ्याशी गोळा ताडून पाहायचा. मुद्दाम अस्पष्ट पाहून अचूक उत्तर काढण्याची ही रीत मला मोठी गमतीची वाटते.

या कामाचे नियम बँकेतल्या माणसाला ओळखीचे वाटतील. आज दुसऱ्यांनी काय आकडा दिला आहे हे आपली नोंद करण्याआधी बघायचे नाही. कॅश दोघांनी मोजायची, पण स्वतंत्रपणे. तारीख आणि वेळ लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. आणि तारा दिसला नाही, तर जवळपासचा सर्वांत मंद कोणता तारा दिसला ते लिहायचे, पुढे ‘याहून मंद’ अशी खूण करायची. हीच आकाशातली निरंक नोंद. ढग असले तर मात्र निरंक लिहायचे नाही. ‘ढगाळ, पाहता आले नाही’ असे लिहायचे. दिसले, दिसले नाही, पाहता आले नाही : या तीन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या की माणूस निरीक्षक झाला. आपल्या सार्वजनिक जीवनात या तिन्हींची किती सरमिसळ होते, याचा विचार वाचकांनीच करावा.

अमेरिकेत १९११मध्ये बदलत्या ताऱ्यांच्या निरीक्षकांची एक संघटना स्थापन झाली. तिच्याकडे आज ५ कोटींहून अधिक नोंदी आहेत. ओहायोतल्या शेतकरी कुटुंबातले लेस्ली पेल्टियर हे तिचे एक सभासद. पोरवयात दोन सेंट क्वार्टाच्या मजुरीने ९०० क्वार्ट स्ट्रॉबेरी तोडून त्यांनी १८ डॉलर जमवले आणि दोन इंची दुर्बीण घेतली. १९१८च्या मार्चपासून १९८०मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी एकही महिना न चुकता आपला अहवाल धाडला. एका ताऱ्यावर त्यांनी पंचवीस वर्षे नजर ठेवली होती. १९४६च्या फेब्रुवारीत एका पहाटे त्यांना जाग आली, अंगात कसर वाटली म्हणून ते पुन्हा अंथरुणात शिरले, आणि नेमका त्याच रात्री तो तारा उजळला. माझ्या मते यात दुर्दैवापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आधीची पंचवीस वर्षे. ती होती, म्हणूनच त्या एका रात्रीला महत्त्व आले.

हे सगळे गोऱ्या लोकांचे चोचले, असे कुणाला वाटत असेल तर त्याने जेसोरच्या राधागोविंद चंद्रांकडे पाहावे. जेसोर आज बांगलादेशात आहे. राधागोविंदबाबूंचा जन्म १८७८चा. प्रवेश परीक्षेत ते तीनदा नापास झाले आणि कलेक्टर कचेरीच्या खजिन्यात साध्या नोकरीला लागले. दिवसा सरकारी पैसा मोजायचा, रात्री तारे. जून १९१८मध्ये गरुड तारकासमूहात अकस्मात एक तेजस्वी नवतारा उगवला. राधागोविंदबाबूंनी आपल्या साध्या उपकरणांनी त्याचा पाठपुरावा केला. ते टिपण हार्वर्डपर्यंत पोचले आणि ते त्या अमेरिकन संघटनेचे सभासद झाले. संघटनेने त्यांचे काम पाहून १९२६मध्ये सहा इंचांहून थोडी मोठी दुर्बीण जेसोरला पाठवून दिली. खजिन्यातल्या एका नापास कारकुनाला सातासमुद्रापलीकडून दुर्बीण येते, ती त्याच्या वहीतल्या आकड्यांवर विश्वास ठेवून! तारणाची याहून भक्कम कल्पना मला तरी माहीत नाही. १९५४पर्यंत त्यांनी ३७ हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. मधल्या काळात देशाची फाळणी झाली, त्यांना घर सोडून पश्चिम बंगालमध्ये यावे लागले. ती दुर्बीण पुढे वेणू बाप्पूंकडे गेली आणि अखेर तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत पोचली.

नोंदींचा हा खटाटोप कशासाठी, याचे एक मोठे उत्तर आपल्या मुंबई बंदरातून निघालेल्या बोटीवर सापडते. १९३०मध्ये एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून इंग्लंडला निघाले. बोटीवरच्या मोकळ्या दिवसांत त्यांनी गणित मांडले, की थंडावलेल्या ‘श्वेत बटू’ ताऱ्याच्या वस्तुमानाला एक मर्यादा असली पाहिजे. आज ती सूर्याच्या सुमारे १.४ पट धरतात. जोडीदाराकडून द्रव्य ओढत एखादा श्वेत बटू या मर्यादेजवळ आला, की तो समूळ स्फोटतो. हा अतिनवताऱ्याचा दुसरा प्रकार. अशा स्फोटांची खरी तेजस्विता जवळजवळ सारखी असते, आणि जो अधिक तेजस्वी तो अधिक सावकाश मावळतो. म्हणजे तो किती दिवसांत चढला आणि किती दिवसांत उतरला याच्या नोंदी नीट असतील, तर त्याचे खरे तेज कळते, आणि त्यावरून अंतर. या मापाने दूरच्या दीर्घिका मोजल्या, तेव्हा १९९८मध्ये दोन गटांना आढळले की विश्वाचे प्रसरण मंदावत नाही, उलट वेगावते आहे. त्याबद्दल २०११चे नोबेल पारितोषिक दिले गेले. विश्वाचा ताळेबंदच बदलला, आणि त्याच्या मुळाशी रोजच्या तेजाचे साधे आकडे होते. पण चढती बाजू हवी, तर तारा पूर्ण उजळण्याआधीच सापडला पाहिजे. ते त्यालाच जमते, जो तिथे कालही पाहत होता.

ऑस्ट्रेलियातले पाद्री रॉबर्ट इव्हान्स हे करून दाखवत. एका दीर्घिकेत शंभर वर्षांत एखाददुसराच अतिनवतारा फुटतो. तेव्हा इव्हान्स यांनी सुमारे दीड हजार दीर्घिकांचा परिसर चक्क पाठ केला. पंगतीवरून नजर फिरवताना घरच्या आजीला न मोजता कळते की एक पान जास्त आहे, तसे त्यांना एक ठिपका जास्त आहे हे कळे. १९८१पासून त्यांनी दुर्बिणीला डोळा लावून चाळीसच्या आसपास अतिनवतारे शोधले. २०२२मध्ये ते वारले. त्यांच्या यशाचा हिशेब चाळिसात मांडतात. मी तो त्यांनी तपासलेल्या आणि काही न सापडलेल्या हजारो दीर्घिकांत मांडीन.

अतिनवताऱ्यांचे निदान शास्त्र तरी ठाऊक आहे. धूमकेतू मात्र अंदाज बांधणाऱ्यांची फजिती करण्यात पटाईत. त्याचा मार्ग मिनिटांपर्यंत सांगता येतो. तेजाबद्दल कुणी पैज लावू नये. धूमकेतूंचे नामांकित शोधक डेव्हिड लेव्ही यांनी त्यांची तुलना मांजरांशी केली आहे : शेपूट दोघांनाही, आणि मर्जीही दोघांची स्वतःची. १९७३चा कोहौटेक ‘शतकातला धूमकेतू’ म्हणून गाजवला गेला. सूर्यापासून दूर असतानाच तो उजळ दिसला, त्यावरून पुढचे भव्य अंदाज केले गेले. पण असे प्रथमच येणारे धूमकेतू आपला लवकर उडून जाणारा बर्फ दूरवरच उधळून टाकतात आणि जवळ येईतो त्यांचा जोर ओसरतो. नवश्रीमंताने पहिल्या महिन्यातच ठेव मोडावी, तसा प्रकार. २०१३मध्ये आयसॉनबद्दल अशीच हवा झाली. २८ नोव्हेंबरला तो सूर्याजवळून जाताना विरून गेला. उलट २०२४मध्ये त्सुचिनशान-ॲटलास हा सूर्याजवळ पोचण्याआधीच फुटणार, असे एका जाणत्या शास्त्रज्ञाने जुलैत लिहिले. तो फुटला नाही. ऑक्टोबरात तो संध्याकाळच्या पश्चिम आकाशात दिमाखाने लांब शेपूट घेऊन उभा राहिला.

होम्स धूमकेतूची गोष्ट तर याहून नवलाची. २००७च्या मे महिन्यात तो सूर्याजवळून गेला आणि मंद होत दूर निघाला होता. ऑक्टोबरात तो सतराव्या प्रतीच्या आसपास होता, म्हणजे मोठ्या दुर्बिणीलाही मुश्किलीने दिसेल इतका. २३ आणि २४ ऑक्टोबरच्या दरम्यान त्याचा उद्रेक झाला आणि दोनेक दिवसांत तो नुसत्या डोळ्यांना दिसू लागला; तेज चार-पाच लाख पटींनी वाढले होते. आपल्याकडे ज्याला ययाति म्हणतात त्या तारकासमूहात, देवयानी आणि शर्मिष्ठेच्या शेजारी, एक पिवळसर गोळा रोज फुगत गेला. नोव्हेंबरात त्याच्या विरळ धुळीचा घेर सूर्याहून मोठा झाला, आणि आतला मूळ गड्डा होता जेमतेम काही किलोमीटरचा. एडविन होम्स यांना तो १८९२मध्ये सापडला, तोही अशाच एका उद्रेकात. आदल्या दिवसांत कुणी त्याचे मंद तेज नोंदले नसते, तर उद्रेक कधी झाला, किती वेगाने झाला, हे समजलेच नसते.

आता आपल्या घरची गोष्ट. ४ जुलै १०५४ रोजी चिनी ज्योतिष्यांनी वृषभ राशीत एक ‘पाहुणा तारा’ नोंदवला. तेवीस दिवस तो भरदिवसा दिसत होता आणि रात्री जवळजवळ एकवीस महिने. त्या जागी आज खेकडा तेजोमेघ आहे. इतका ठळक तारा भारतातून दिसला नाही, असे होणार नाही. आपल्याकडे सिद्धान्तज्योतिषाची थोर परंपरा, ग्रहणाची गणिते पळेविपळे मोजून होत. जयंत नारळीकर आणि संस्कृत पंडिता सरोजा भाटे यांनी भारतीय साहित्यात या ताऱ्याचा माग काढायचा प्रयत्न केला आणि २००१मध्ये तो प्रसिद्धही केला. निःसंशय म्हणावी अशी नोंद हाती लागली नाही. जुलैत पावसाळा होता, हे खरे. पण एकवीस महिने पावसाळा नसतो. आपले पूर्वज गणित करण्यात कमी नव्हते. जे गणितात बसते ते लिहायचे, जे अवचित घडते ते लिहिण्याजोगे नव्हे, अशी काही समजूत असावी, हा माझा तर्क. नारळीकर-भाटे यांनी मात्र शोधून, न सापडल्याचे छापून, एक सच्ची निरंक नोंद केली. अशा नोंदीचे मोल आपल्याकडे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. १९ मे २०२३ रोजी जपानचे कोइची इतागाकी यांना सप्तर्षींतल्या मरीची ताऱ्याजवळच्या एका दीर्घिकेत अतिनवतारा सापडला. हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. दीडशेहून अधिक अतिनवतारे त्यांच्या नावावर आहेत. या ताऱ्याचे नाव २०२३ आयएक्सएफ. ही अक्षरे क्रमाने दिली जातात. हिशेब केला, तर त्या वर्षी नोंदल्या गेलेल्या नव्या प्रकाशबिंदूंत याचा नंबर ६,७१४वा येतो. १९८७चा तारा त्या वर्षातला ‘ए’, म्हणजे पहिला होता! बातमी फुटताच जगभरच्या हौशी छायाचित्रकारांनी आदल्या रात्रींचे आपापले फोटो धुंडाळले. कुणाच्या फोटोत तारा होता, कुणाच्या नव्हता. दोन्ही कामी आले आणि पहिला उजेड कधी पडला ते काही तासांच्या अचूकतेने ठरले. लडाखमधील हानले येथे, साडेचार हजार मीटर उंचीवर, आपली दोन मीटरची चंद्र दुर्बीण आहे. तिच्याशेजारी आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने उभारलेली ७० सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण आहे. या दोघींनीही त्या ताऱ्याचा पाठपुरावा केला.

आणि आता चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेचे युग सुरू होत आहे. ८.४ मीटरचा आरसा, ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा. तिची पहिली छायाचित्रे जून २०२५मध्ये प्रसिद्ध झाली. आकाशात काय बदलले याच्या एका रात्रीत कोटभर सूचना तिच्याकडून अपेक्षित आहेत. मग वही-पेन्सिल घेऊन अंगणात बसणाऱ्याचे काय? लेजर लिहिणारी आमची पिढी संगणकाने घरी बसवली, तेव्हा हाच प्रश्न आम्ही विचारला होता. त्यावर गळा काढण्यात अर्थ नाही. संगणकाची बेरीज चुकत नव्हती, आणि यंत्राची निरंक नोंदही माणसाच्या नोंदीहून कमी खरी नाही.

पण दोन गोष्टी शिल्लक राहतात. पहिली अशी, की हे अजस्र यंत्र मंद वस्तूंसाठी बनवले आहे. ठळक ताऱ्यांनी त्याचे डोळे दिपतात. २०१९-२० च्या हिवाळ्यात मृग नक्षत्रातला काक्षी तारा अचानक मंदावला, तेव्हा शंभर वर्षांच्या नोंदी काढून ‘इतका मंद पूर्वी होता का’ हे पाहिले गेले. या नोंदी बहुतांशी हौशी डोळ्यांच्या होत्या. नुसत्या डोळ्यांना दिसणारा धूमकेतू किंवा आपल्याच आकाशगंगेतला अतिनवतारा उद्या उजळला, तर लहान दुर्बिणी आणि साधे डोळेच कामाला येतील.

दुसरी गोष्ट अधिक काळजीची. पुण्यात १९४४पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईचे आकाशवेडे अमावास्येच्या सुमारास वांगणीला जातात. माणसे आहेत, आकाश मात्र चालले आहे. शहरांचा उजेड वाढेल तशा दिसू शकणाऱ्या प्रती घटतात. ‘दिसले नाही’ असे लिहावे, तर ते खोटे ठरते. लिहावे लागते ‘पाहता आले नाही’. पूर्वी ही नोंद चार महिने पावसाळ्याची असे, आता ती बारमाही होऊ लागली आहे. हानलेचा परिसर २०२२मध्ये गर्द आकाशासाठी राखीव झाला, ही चांगली गोष्ट. पण राधागोविंदबाबूंना आकाशासाठी लडाखला जावे लागले नव्हते. ते कचेरीतून घरी येत आणि गच्चीवर जात.

आपल्या आकाशगंगेतला अतिनवतारा लोकांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिला तो १६०४मध्ये, केप्लरच्या काळात. त्यानंतर चारशे वर्षांहून अधिक काळ लोटला. पुढच्याचा प्रकाश कदाचित आत्ता वाटेत असेल, कदाचित आणखी शे-दोनशे वर्षांनी येईल. तो येईल त्या रात्री सगळे जग रस्त्यावर उतरून वर पाहील, वर्तमानपत्रे पहिले पान देतील, आणि ‘मीच आधी पाहिला’ म्हणणाऱ्यांना तोटा असणार नाही. शास्त्रज्ञ मात्र विचारतील, काल रात्री याच वेळी तिथे काय होते? त्याचे उत्तर त्या एखाद्याकडेच असेल, ज्याने काल कुणी सांगितले नसताना वर पाहिले, घड्याळ बघितले, आणि वहीत लिहिले : आकाश स्वच्छ, नवे काही नाही.